दोष झाडाचा की हाताचा?

वारीच्या वाटेवर दिवसभर टाळमृदंगाच्या गजरात ज्ञानाच्या गोष्टी पुष्कळ होतात. पण मनात रुतलेला खरा प्रश्न बहुधा रात्री मुक्कामाला, पायाला तेल लावता लावता बाहेर पडतो. गेल्या वारीत असेच झाले. जेवणे उरकली होती, राहुटीत कंदील मंद केला होता. आमच्या दिंडीत दोन वर्षांपासून येणारा एक तरुण शेतकरी माझ्या पायाशी येऊन बसला. थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, “बाबा, एक इचारू का? रागावू नका. गांजा पिकवणं पाप हाये का? ओढणं न्हाई म्हणत मी. माळ हाये गळ्यात. नुसतं पिकवणं. अन् तेबी चोरून न्हाई, समजा उद्या सरकारनं परवाना दिला तर?”

शेजारी पडलेले दोघे-तिघे हसले. एक वृद्ध टाळकरी रागावून म्हणाले, “अरे, माळकऱ्यानं हे तोंडावर तरी आणावं का?” पोर खाली मान घालून बसला. मी त्याला म्हटले, “सकाळी बोलू.” पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्याने विचारलेला प्रश्न माझ्याच घरचा होता. त्यावर माझ्या घरात एकदा उत्तर शोधले गेले होते आणि त्या उत्तराची किंमतही मोजली गेली होती.

घरची हकीकत सांगण्यापूर्वी ते झाड आपण नीट ओळखून घेऊ. ज्याच्यावर दोष ठेवायचा त्याची निदान ओळख तरी असावी.

आपल्याकडे पुष्कळ लोक ताग, अंबाडी आणि गांजा यांची गल्लत करतात, कारण इंग्रजीत दोरखंडाच्या पुष्कळशा झाडांना एकच नाव लावलेले आहे. पण ताग वेगळा, अंबाडी वेगळी आणि गांजा-भांगेचे झाड वेगळे. हे झाड वर्षायू असते. पुरुषभर, कधी दीड-दोन पुरुष उंच वाढते. पान हाताच्या पंजासारखे, पाच-सात-नऊ बारीक बोटांचे आणि कडेला करवतीसारखे दाते. त्याचे मोठे वैशिष्ट्य असे की त्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. रोप लहान असताना कोणते काय हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. रात्री मोठ्या होऊ लागल्या की झाडाला फुलायची वेळ झाल्याचे समजते आणि तेव्हा कुठे भेद दिसू लागतो. नर झाड परागाची भुकटी वाऱ्यावर सोडून लवकर वाळून जाते. मादी झाडाच्या शेंड्याला मंजिरीसारखा दाट फुलोरा येतो आणि त्या फुलोऱ्यावर बारीक केसांच्या टोकाला चिकाचे थेंब धरतात. नशेचे द्रव्य प्रामुख्याने या चिकात असते.

युरोपातल्या पंडितांनी या झाडाला नावे दिली तीही पाहण्यासारखी आहेत. लिनीयस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली युरोपात वाखासाठी लावल्या जाणाऱ्या झाडाला ‘कॅनाबिस सॅटायव्हा’ म्हटले. पुढे १७८५ साली लामार्क या फ्रेंच पंडिताने हिंदुस्थानातून गेलेले नमुने पाहून ‘कॅनाबिस इंडिका’ असे वेगळे नाव ठेवले. त्याचे म्हणणे असे की, या हिंदी झाडाचे खोड कठीण, साल पातळ, त्यामुळे वाखाला ते फारसे कामाचे नाही. त्याचा गुण म्हणजे नशा. आज परदेशच्या बाजारात ‘इंडिका’ म्हणून जे ओळखतात ते अफगाणिस्तान, हिंदुकुशकडचे बुटके, रुंद पानांचे झाड असते. लामार्कच्या हाती होते ते आपल्याकडचे उंच, बारीक पानांचे झाड. म्हणजे नाव एकाचे आणि ओळख दुसऱ्याची! नुसत्या नावावरून गुणदोष ठरवू नये, हा धडा येथेच मिळतो.

आता या झाडातून काय काय निघते ते पाहा. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरात याच झाडाच्या वाखाचे जाडेभरडे कापड विणतात आणि दोर वळतात. बी भाजून त्याची चटणी करतात. ती घरातली म्हातारीकोतारी आणि लेकरेही खातात, आणि तिने कोणाला नशा चढत नाही. आयुर्वेदात या झाडाला विजया म्हणतात आणि शुद्ध करून औषधात घालतात. ओशॉनेसी नावाच्या डॉक्टराने कलकत्त्यात १८३९ साली या झाडाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. धनुर्वाताच्या झटक्यांत आणि लहान मुलांच्या आकडीत त्याने तो वापरून पाहिला. आणि अगदी अलीकडे, २०१८ साली, मुलांच्या काही कठीण जातींच्या अपस्मारावर याच झाडातल्या एका नशा न आणणाऱ्या द्रव्याच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि याच झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा होतो, चिकाचा चरस होतो, पानांची भांग होते.

एकाच झाडात वस्त्र आहे, अन्न आहे, औषध आहे आणि नशाही आहे. मग दोष झाडाचा म्हणावा कसा? ‘देवानं निर्माण केलं ते वाईट कसं?’ असे चिलीम ओढणारा विचारतो, आणि त्याचा प्रश्न एवढ्यापुरता बरोबर आहे. पण त्याचे उत्तर तो विचारीत नाही. ते उत्तर शेतात मिळते.

आमचे गाव नगर जिल्ह्यातले. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात नगर, सातारा, खानदेश या भागांत सरकारी परवान्याने गांजा पिकत असे. माझ्या आजोबांच्या तरुणपणी आमच्या मळ्याचा दीड एकराचा एक तुकडा या पिकाखाली होता. आजोबा माळकरी, आषाढी-कार्तिकीची वारी चुकवीत नसत. आयुष्यात त्यांनी चिलीम ओठाला लावली नाही. कोणी विचारले तर म्हणत, “आपण पिकवतो, आपण ओढत नाही. सरकार तोलून घेतं, सरकार मोहोर लावतं. यात आपलं काय?” वारीचा खर्च त्याच पिकातून निघे.

पेरणी पावसाळ्याच्या तोंडाशी. मग निंदणी, खुरपणी, पाऊस सरल्यावर मोटेचे पाणी. कार्तिकाच्या सुमारास मुख्य काम निघे, ते म्हणजे नर झाडे उपटण्याचे. एक जरी नर राहिला आणि त्याची भुकटी वाऱ्यावर उडाली तरी मादीचा फुलोरा दाण्यावर जातो, चीक कमी होतो, आणि मालाला भाव मिळत नाही. बंगालात राजशाही जिल्ह्यातल्या नौगाव भागात याचे मोठे क्षेत्र होते. तिकडे नर-मादी ओळखणारे जाणते लोक असत, त्यांना पोद्दार म्हणत. शेतकरी पैसे देऊन त्यांना शेतातून फिरवीत. आमच्याकडे हे काम आजोबा स्वतः करीत. त्यांची नजर त्यात तयार होती. एका फेरीत काम होत नाही. दोन-तीन वेळा सबंध शेत झाडाझाडाने पाहावे लागते. मग थंडीत कापणी, खळ्यावर पसरणे आणि माणसांनी पायांनी तुडवून तो फुलोरा चापट करणे. तुडवणाऱ्यांचे तळपाय चिकाने काळे होत, आणि वास अंगाला इतका बसे की आठ दिवस जात नसे.

एका कार्तिकीला आजोबा शेतातली नर झाडे उपटण्याची पहिली फेरी आटोपून पंढरपुरास गेले. दुसरी फेरी परतल्यावर करायची होती. एकादशीच्या रात्री कीर्तन ऐकून उतरायच्या जागी येत असताना एका झाडाखाली चार माणसे चिलीम फिरवीत बसलेली त्यांना दिसली. त्यांत त्यांच्याच दिंडीतला एक मृदंगी होता. हात असा गोड, की मोठमोठे कीर्तनकार त्याला मागून घेत. अलीकडे त्याचा हात उतरला होता, ठेका सुटत होता, आणि त्याचे घर कसे चालले आहे याबद्दल दिंडीत कुजबुज होती. आजोबा त्याला दोन शब्द सुनवावेत म्हणून जवळ गेले. तोच धुराचा वास आला, आणि तो वास त्यांच्या ओळखीचा होता! आपल्या खळ्यावरचा वास माणूस विसरत नाही. मृदंगी त्यांच्याकडे पाहून भाबडेपणाने हसला आणि म्हणाला, “पाटील, तुमच्याकडचाच माल आहे. सबंध मुलखात असा माल नाही.”

माउलींनो, शिवीने जे झाले नसते ते त्या स्तुतीने झाले. आजोबा एक शब्द न बोलता परतले. त्यांनी आयुष्यभर स्वतःला समजावले होते की आपण पिकवतो त्याला शेवटी कोण घेतो ते आपल्याला ठाऊक नाही. त्या रात्री शेवटचा माणूस समोर बसलेला होता आणि त्याच्या हातातून मृदंग सुटत चालला होता.

घरी आले. दुसऱ्या फेरीसाठी सगळी तयारी होती. आजोबा शेतात गेले, हात कमरेवर ठेवून बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, “एकही नर उपटायचा नाही. झाडाला त्याच्या रीतीनं जगू द्या.” आणि खरोखर त्यांनी शेत तसेच सोडले. भुकटी उडाली, सबंध पीक दाण्यावर गेले. जे झाड नशा धरणार होते त्याने बी धरले. सरकारी माणूस येऊन गरजला; आजोबांनी पुढच्या साली परवाना परत केला आणि तेथे ज्वारी पेरली.

हकीकत एवढ्यावर संपवली असती तर कीर्तनात शोभली असती. पण खरे ते सगळे सांगावे. वारा बांध मानीत नाही. भुकटी शेजाऱ्याच्या शेतातही गेली आणि त्याच्याही पिकात दाणा भरला. त्याने काही माळ घातली नव्हती. त्याच्या मुलीचे लग्न त्या पिकावर ठरले होते. तो आमच्या दारात येऊन बसला. आजोबांनी त्याचे नुकसान भरून द्यायचे कबूल केले. पैसा नव्हता, म्हणून आजीच्या सोन्याच्या पाटल्या मोडल्या. पाटल्या काढून देताना आजी एवढेच म्हणाली, “पुण्य तुमचं झालं, पाटल्या माझ्या गेल्या.” आजोबांनी त्यावर कधी उत्तर दिले नाही. म्हातारपणी मला ही गोष्ट सांगताना ते म्हणत, “ती बरोबर बोलली होती.”

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पिकवणाऱ्याचा दोष काय?

पहिली गोष्ट. झाड निर्दोष आहे. चीक हा झाडाचा स्वतःचा काही उद्योग आहे, माणसासाठी त्याने तो केलेला नाही. आपल्यापुरते ते वाऱ्याची वाट पाहते, बी धरते आणि वाळते. पण जो मनुष्य शेतात शिरून एकेक नर वेचून काढतो तो झाडाच्या स्वभावात आपला हेतू पेरतो. त्याला बी नको आहे, वाख नको आहे. मादीला फळ धरू न देता तिच्या सगळ्या शक्तीचा चीक व्हावा हे त्याला पाहिजे आहे. इथे गांजा ‘उगवत’ नाही, गांजा ‘केला’ जातो. म्हणून ‘देवानं निर्माण केलं’ हे म्हणणे वाखाला आणि दाण्याला लागू आहे. बाजारातल्या गांजाला ते अर्धेच लागू आहे. उरलेले अर्धे हाताचे आहे.

आणि यात एक खूण आहे ती मला फार दिवस विचारात पाडते. ज्या झाडाला फळ धरू दिले नाही तेच अधिक नशा धरते. नशेच्या सुखाचेही असेच असते. ते येते मोठ्या भरात, पण त्याला दाणा नाही. सकाळी उठून पाहावे तर पेरायला काही उरलेले नसते. भजनाचा आनंदही क्षणाचाच. परंतु तो माणसात काही बी टाकून जातो, थोडी सहनशीलता, शेजाऱ्याविषयी थोडी माया. ज्याच्या भजनाने हे होत नसेल त्याने आपल्याही भजनात नर उपटले जात आहेत की काय ते तपासावे!

इथे आजच्या शास्त्राची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गांजातले मुख्य नशेचे द्रव्य इस्रायलच्या राफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ साली वेगळे काढून ओळखले. पुढे प्रश्न आला की, माणसाच्या मेंदूत या द्रव्याला बसायला जागा आहे, ती कशासाठी? देवाने काही चिलमीसाठी कुलूप बसवून ठेवलेले नाही. शोध करता करता १९९२ साली सापडले की शरीर स्वतःच तसले द्रव्य तयार करते आणि ती जागा त्याची आहे. त्या शोधकांनी त्याला नाव दिले ‘आनंदामाइड’. आपल्या संस्कृतातला ‘आनंद’ शब्द घेऊन! भूक, वेदना, स्मरण अशा कितीतरी व्यवहारांत ही व्यवस्था काम करते असे ते सांगतात. भजन म्हणजे रसायन, असे मी यावरून म्हणत नाही. तसे म्हणणे उथळपणाचे होईल. एवढेच म्हणतो की, किल्ली घरात असताना बाहेरची किल्ली रोज घालीत गेले तर कुलूप सैल होते. तरुण वयात आणि नित्य, भरपूर ओढणाऱ्यांत सवय जडण्याचा, स्मरण मंदावण्याचा आणि काहींत बुद्धीला भ्रम होण्याचा धोका आजचे वैद्यक सांगते. त्या मृदंग्याचा हात उगाच उतरला नव्हता.

तरीही ओढणाऱ्याचा तिरस्कार करू नये. इंग्रज सरकारने १८९३ साली या विषयावर एक चौकशी आयोग नेमला होता. त्याने हिंदुस्थानभर १,१९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ साली अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष असा होता की, बेताने सेवन करणाऱ्यांत मोठे नुकसान सहसा दिसत नाही, अतिरेकाने मात्र होते. तेव्हा सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण असावे. हे मत आपल्याला पटो न पटो, पण ज्याने चिलीम ओढली तो लगेच राक्षस झाला असे मानणारांनी ते लक्षात ठेवावे. तो मृदंगी राक्षस नव्हता. तो आमच्यातलाच एक होता.

दुसरी गोष्ट, परवान्याची. आजोबांच्या काळी परवाना होता. १९८५ साली केंद्राचा अमली पदार्थांचा कायदा झाला. आज विनापरवाना लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुरीत, उसात, मक्यात लपवून लावलेली झाडे पकडली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्याच कायद्यात पाने आणि बी, फुलोऱ्याचे शेंडे बरोबर नसतील तर, गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवले आहेत. वाखासाठी आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूदही आहे. उत्तराखंडाने २०१८ साली अशा लागवडीला वाट करून दिली. त्या झाडात नशेचे द्रव्य शेकडा ०.३ पेक्षा अधिक नसावे अशी अट आहे. २०२१ साली या बियांना आणि त्यांच्या तेलाला आपल्या देशात खाद्य म्हणून मान्यता मिळाली. २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगातही या झाडाला अतिघातक पदार्थांच्या यादीतून काढावे म्हणून मतदान झाले. भारताने ‘काढावे’ असे मत दिले आणि २७ विरुद्ध २५ मतांनी ते मंजूर झाले.

म्हणजे कायदा काल एक होता, आज एक आहे, उद्या आणखी वेगळा असेल. कायदा पाळणे हे आपले कर्तव्यच. पोरांना उपाशी ठेवून तुरुंगात जाण्यात कोणता धर्म नाही. पण सरकारी मोहोर लागली की पाप धुतले गेले, असे होत नाही. आजोबांच्या मालावर मोहोर होती, तरी वास त्यांना झोंबलाच. कायदा म्हणजे बांध. बांधाबाहेर जाऊ नये हे खरे. पण बांधाच्या आत काय पेरावे हे बांध सांगत नाही.

मग कोण सांगणार? त्या तरुणाला दुसऱ्या दिवशी चालता चालता मी तीन प्रश्न दिले. तेच येथे मांडतो.

पहिला: तू झाडाला कोणीकडे वळवतो आहेस? वाखाकडे, दाण्याकडे, की नशेच्या चिकाकडे? रीतसर परवाना असेल आणि दाणा-वाख पिकवायचा असेल, तर माळेला त्यात काही बाधा मला दिसत नाही.

दुसरा: तुझा माल ज्याच्या हातात शेवटी जाणार, त्या शेवटच्या माणसासमोर तू उभा राहशील काय? चिकाचे औषध आकडी येणाऱ्या लेकराला जात असेल तर त्याच्या आईसमोर तू ताठ मानेने उभा राहशील. म्हणजे चीक काढला एवढ्यानेही पाप होत नाही. पण एखाद्या घरचे पोर त्यापायी शाळा सोडून कोपऱ्यात बसले असेल तर त्या आईसमोरही उभे राहता आले पाहिजे. ‘मला काय ठाऊक’ हे उत्तर चालणार नाही, कारण ठाऊक करून न घेणे हीसुद्धा एक चिलीमच आहे. तिची धुंदी मोठी असते.

कोणी म्हणेल, असे पाहिले तर उसाचीही दारू होते, द्राक्षाचीही होते, शेतकऱ्याने लावावे तरी काय? उसाचा शेतकरी गोडीसाठी ऊस लावतो. पुढे दुसऱ्याच हाताने तो नासवला तर भार त्या हातावर अधिक. जो मद्याच्या कारखान्याशीच करार करून द्राक्ष लावतो त्याने मात्र हा दुसरा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. आणि तंबाखूचे काय? शेतात तंबाखू आणि कनवटीला चंची बाळगणाऱ्या माळकऱ्याने गांजावर प्रवचन करू नये. हे कोणाला लागले तर क्षमा करावी. माझ्या दिंडीतही चंच्या आहेत, आणि माझ्या स्वतःच्या कनवटीला ती चाळीसाव्या वर्षापर्यंत होती.

तिसरा प्रश्न आजीने शिकवलेला: तुझ्या पुण्याची किंमत कोण देतो आहे? आजोबांनी योग्य ते केले असे मी आजही मानतो. पण ते करण्याची रीत पूर्ण योग्य नव्हती. शेजाऱ्याला आधी सांगता आले असते. घरात बसून आजीशी बोलता आले असते. उभे पीक कापून जाळले असते तर भुकटी तरी उडाली नसती. धर्म करायचा तो आपल्या अंगावर घेऊन करावा. दुसऱ्याच्या हातातल्या पाटल्यांवर करू नये.

तरुण सगळे ऐकून घेत चालला होता. मग म्हणाला, “बाबा, तिन्ही प्रश्न बरोबर हायेत. पण चौथा राहिला. कांद्याला भाव न्हाई, सोसायटीचं कर्ज थकलंय, धाकटीची फी भरायचीय. त्याचं उत्तर कोण देणार?”

मी गप्प झालो. त्याच्या प्रश्नावर माझ्यापाशी श्लोक नव्हता. पण त्या गप्प बसण्यात मला उमगले ते असे: ज्या समाजाला वाटते की आपल्या माणसाने अमुक पीक घेऊ नये, त्या समाजाने त्याच्या चुलीची चौकशीही केली पाहिजे. ‘पाप’ म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. दिंडीत कोणी थकला तर त्याचे ओझे आपण वाटून घेतो. मग वर्षाचे उरलेले दिवस तोच माणूस कर्जाखाली थकला तर त्याचे ओझे दिंडीचे नव्हे काय? त्या रात्री हसणाऱ्या दोघांना आणि रागावलेल्या टाळकऱ्यांना मी हेच विचारले. टाळकरी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोराची फी किती आहे, विचार त्याला.” पंढरपूर यायच्या आत दिंडीने ती जमवली. कर्ज फिटले नाही, कांद्याचा भावही वाढला नाही. पण तो पोर पुढच्या मुक्कामाला पुन्हा माझ्या पायाशी येऊन बसला आणि या वेळी त्याने काही विचारले नाही, नुसते पाय चेपले.

आमच्या त्या दीड एकरात आजही ज्वारी होते. त्या मृदंग्याचे पुढे काय झाले म्हणाल तर, आजोबा त्याला पुढची तीन वर्षे आपल्या शेजारी चालवीत असत, रात्री आपल्या जवळ झोपवीत असत. चिलीम पूर्ण सुटली असे आजोबांनी कधी सांगितले नाही. कमी झाली, ठेका बराचसा परत आला, एवढे सांगत. तेव्हा दोष झाडाचा नाही, हे खरे. पण सगळा दोष एकट्या हाताचाही नाही. जो हात चुकतो त्याच्या शेजारी दुसरा हात होता की नाही, हेही विचारले जाईल.

रामकृष्ण हरी!